दौंडला नेऊ नका

३ नोव्हेंबर २००३, सोमवार

जाईबाईंना काल दौंडला नेलं. पोचल्याच नाहीत! चौफुल्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरमागं जीप अडकली आणि तिथंच त्या गेल्या. कोंडिबा ड्रायव्हर परत आला तो कुणाशी बोलला नाही. जीपमधली गादी काढली, नळावर धुतली आणि कुंपणावर वाळत टाकली. व्हरांड्यातली सगळी म्हातारी माणसं त्या गादीकडं बघत बसली. मी म्हटलं, काढ रे ती, मागं टाक. तर म्हणतो, मागं ऊन नाही.

आमच्या आश्रमात कुणी मरत नाही. अध्यक्ष बापूसाहेब प्रत्येक भाषणात सांगतात — "या वास्तूत आजवर एकही मृत्यू झालेला नाही!" टाळ्या पडतात. खरंच आहे ते. श्वास लागला, डोळे फिरले, की जीप निघते. मरायचं ते दौंडच्या दवाखान्यात, नाहीतर रस्त्यात. आश्रम सुरू झाला तेव्हा गावात बोलायचे म्हणे, तिकडं म्हातारी माणसं मरायला नेऊन टाकतात. लोकांची तोंडं बंद करायला बापूसाहेबांनी हा नियम काढला. आता इथं 'मेला' कुणी म्हणतच नाही, 'दौंडला गेला' म्हणतात. आमटीत मीठ जास्त झालं की तुळजाबाई म्हणणार, समद्यास्नी दौंडला धाडता का काय! सगळे हसतात. मीपण हसते.

जाईबाईंचा चष्मा उशीखालीच राहिला. बिनचष्म्याच्या गेल्या. मला काय झालंय कळत नाही. मी इथली नर्स, चार माणसं जाताना बघितलेली बाई! पण सारखं तेच मनात येतंय — रस्त्यात त्यांना काय दिसलं असेल?

५ नोव्हेंबर

आबा आजही दुपारभर ओरडत होते. "हुर्रर्र... हे हे हे! बांडे, माघारी फिर!"

बिरदेव आबा. जन्मभर मेंढरं वळली. पायांत बळ होतं तोवर कोकणापर्यंत चालत गेलेला माणूस. मग रांजणगावात लेकीकडं, एका खोलीत. जावई कंपनीत रात्रपाळीला, दिवसा झोपणार, आणि आबा दिवसा ओरडणार. भांडणं झाली. मग इथं. लघवीच्या जागेचा कॅन्सर पाठीच्या कण्यात गेलाय. पुण्याच्या दवाखान्यानं सांगितलं, आता घरी न्या. घर म्हणजे आम्ही!

ओरडतात म्हणजे दुखत असणार. दुसरं काय? झोपेचं इंजेक्शन दिलं. गप्प झाले.

बापूसाहेबांचा आवाज फाटकापासून ऐकू येतो. दूधवाला, कोंडिबा, मी, देव — सगळ्यांशी एकाच पट्टीत. आज म्हणाले, "अगं पोरी, त्या आबाला जरा गप्प कर. बाहेर देणगीदार बसलेत!" केलं होतंच गप्प. तरी बोलले.

८ नोव्हेंबर

आज शांत. जेवायला वेळ मिळाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोक्याचा नुसता भुगा!

शिरूरहून नवीन डॉक्टर आल्या. तहमीना मॅडम. वयानं माझ्याहून लहान, स्कूटरवरून येतात, हेल्मेट हातात घेऊनच खोलीत शिरल्या. जे बरे व्हायचे नाहीत त्यांचा त्रास कमी करायचा, एवढंच म्हणे त्यांचं काम. मी विचारलं, बरं नाही करत? म्हणाल्या, नाही. हे काय काम झालं, असं मनात आलं खरं.

आबांना बघितलं. "बरं आहे का आबा?" आबा म्हणाले, "बरं हाय." पण पाठीवरून हात फिरवताना मॅडम थांबल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, यांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू करू. घड्याळाप्रमाणे द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध.

मॉर्फिन म्हणजे अफूतलं ना? बापूसाहेबांनी तेवढंच ऐकलं. "अफू? माझ्या आश्रमात? उद्या पोलीस मला बेड्या घालून नेतील!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, परवानगी आमच्या संस्थेची आहे, जबाबदारी माझी. वर आणखी म्हणाल्या, शेवटच्या घडीला माणसाला जीपमध्ये घालून हलवू नका. त्या वेळी दवाखान्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं, हाल तेवढे होतात. इथंच, आपल्या खाटेवर जाऊ द्या.

बापूसाहेब लाल झाले. "बरं, असं करू — तुम्ही आश्रम चालवा, मी स्मशान चालवतो!"

मॅडमनी हेल्मेट घातलं आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात येणारच म्हणाल्या.

आता खरं कोण? मॅडमचं ऐकताना वाटतं, मॅडम खऱ्या. बापूसाहेब बोलले की वाटतं, एक मयत झाली इथं तर आहेत ती म्हातारी घाबरून जेवायची नाहीत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

१४ नोव्हेंबर

गोळ्या आल्या, बापूसाहेबांनी अडवलं नाही. कपाटात ठेवल्या, किल्ली माझ्या मंगळसूत्राला अडकवली. एवढी भीती मला सापाची वाटत नाही.

मॅडम म्हणतात घड्याळाप्रमाणे. पण माणूस गपगुमान पडलेला असताना उठवून अफू द्यायची? हात होत नाही. मी ठरवलंय — ओरडले की द्यायची. घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, उद्या काही झालं तर नाव तुझं येणार, डॉक्टरीणबाईचं नाही. म्हणजे मी केलं ते बरोबरच.

बरोबरच ना?

१७ नोव्हेंबर

आबा दोन दिवस ओरडलेच नाहीत. एकदाच थोडं "हे हे" केलं, लगेच गोळी दिली. मग गप्पच. काय गुण आहे त्या औषधाला! मॅडमना मानलं.

बापूसाहेब आज खोलीच्या आत आले. एरवी दारातूनच ओरडतात. आबांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले. मला हळू आवाजात म्हणाले — त्यांना हळू आवाज आहे हेच मला ठाऊक नव्हतं — "त्या गोळीनं माणसाला कळतं का गं? म्हणजे आपण कोण, कुठं आहोत? का भ्रमिष्ट होतो?" मी म्हटलं, कळत असावं. म्हणाले, "असावं म्हणजे काय? नीट बघून सांग." आणि गेले. फाटकाशी कोंडिबाला ओरडले, पण ते ओरडणंही उरकल्यासारखं.

गोळ्या बंद करायला कारण शोधतायत. दुसरं काय असणार!

२० नोव्हेंबर

आबांची लेक अनसाबाई आली. भाकरी आणि पातळ बेसन घेऊन. आबांनी तोंड फिरवलं. ती पायाशी बसली, मग उशाशी बसली, मग मला व्हरांड्यात बोलवून रडायला लागली. "बाई, आमचा आबा असा गप कवाच नसतोय. झोपंत बी बोलणारा माणूस त्यो. तुमी काय दिलं त्येला?"

मी तिला समजावलं, दुखणं थांबलंय म्हणून शांत आहेत. किती मोठ्या तोंडानं समजावलं! तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं.

बानू — आमची आया — तिथंच फरशी पुसत होती. तिचा रोजा, त्यामुळं दिवसभर बोलणं कमी. पण अनसाबाई गेल्यावर म्हणाली, "सिस्टर, मला पण न्हाई बरं दिसत ते." मी चिडले. म्हटलं, ओरडले तरी तुम्हाला नको, गप्प बसले तरी नको!

२२ नोव्हेंबर

बानूनं आबांची घोंगडी उन्हात टाकायला काढली आणि मला हाक मारली. घोंगडीचा एक काठ चघळून चघळून चोथा झालेला. लोकर निघालेली. "उंदीर असंल," मी म्हटलं. बानू म्हणाली, "उंदीर वल्लं करतो व्हय?"

ओलं होतं. तोंडात धरलेलं.

मला काही कळेनासं झालंय. जेवण जात नाही. हे विचारतात काय झालं, आणि मला सांगताच येत नाही की काय झालंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी आबांना अंग पुसायला गेले. ऊन खाटेवर आलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आबा, मेंढरू आजारी पडलं तर तुम्हाला कसं कळायचं? एवढ्या कळपात?

आबांचे डोळे जरा उघडले. म्हणाले, "त्यात काय. जे वरडतंय ते ताजं. भूक लागली, पिल्लू हुकलं, तवा वरडतंय. दुखणाईत मेंढरू वरडत न्हाई. कडंला जाऊन गुमान हुभं ऱ्हातंय. वरडलं तर लांडग्याला कळतंय ना."

मी हो हो म्हणत पाठ पुसत होते. आणि पुसता पुसता हात थांबला.

म्हटलं, "आबा, तुम्हाला आता दुखतंय का?"

"व्हय."

"कधीपासून?"

"लई. रातंदीस."

"मग बोलला का नाही हो! मी रोज विचारत होते ना?"

"कवा इचारलं?" आबा रागावून नाही, साधंच म्हणाले. "तुमी इचारता, बरं हाय का. बरं हाय का म्हणल्यावर बरंच म्हणायचं असतंय."

मी स्टुलावर बसले. सगळं उलटं झालं डोक्यात. ते ओरडत होते तेव्हा आबा बरे होते! पाठ जरा सैल असली की मेंढरं घेऊन निघायचे, बांडीला हाका मारायचे, खुशीत. आणि मी सुई घेऊन धावायचे! दुखायला लागलं की गप्प व्हायचे, घोंगडी दातात धरायचे — आणि मी म्हणायचे, काय गुण आहे औषधाला! माणूस तळमळत होता आणि मी शेजारी बसून जेवले. देवा, मी नर्स आहे का कोण आहे?

गोळी दिली. घड्याळ भिंतीवरून काढून त्यांच्या खोलीत लावलं. आता घड्याळ सांगेल तसं. मग नाव माझं यायचं ते येऊ दे.

२६ नोव्हेंबर, ईद

आबा ओरडायला लागले! पहाटेपासून. "हुर्रर्र, हे हे! ए बोडके, कुणाच्या रानात शिरलीस!" शेजारच्या खोलीतल्या तुळजाबाईनं भिंतीवर काठी आपटली. मी जाऊन तिला सांगितलं, ओरडू द्या, ते बरे आहेत. ती म्हणाली, "असलं कसलं गं बरं?" मला हसू यायला लागलं. हसता हसता डोळ्यांत पाणी.

बानू शीरखुर्मा घेऊन आली, सुट्टी असून. आबांनी दोन चमचे खाल्ला. म्हणाले, ग्वाड हाय, आन् बोकड कुठाय? बानू म्हणाली, बोकडाची ईद वेगळी, तवर थांबा. आबा म्हणाले, बघतो.

बापूसाहेब आले तेव्हा आबांची हाक टिपेला पोचली होती. व्हरांड्यात दोन पाहुणे. मी मनात देव आठवले. बापूसाहेब दारात उभे राहिले, ऐकत. मी भराभरा सांगून टाकलं — दुखत नाही म्हणून ओरडतात, दुखलं की गप्प बसतात, माझंच चुकत होतं, गोळी आता वेळेवर देते, शुद्ध चांगली आहे, बोकड मागितला. ते म्हणाले, "बोकड मागितला?" एवढंच. बानूनं वाटी पुढं केली. गेल्या ईदला दोन वाट्या रिचवल्या होत्या त्यांनी. आज हातानंच नको म्हणाले. बानूला लागलं ते.

काय समजायचं माणसाचं? रागावले असतील तर ओरडत का नाहीत?

२९ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

आबांना तळी भरायची होती. खंडोबाची. खाटेवरूनच. अनसाबाई जावयाला घेऊन आली, वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे करून. ताटात भंडार, खोबरं, पान-सुपारी. ताटाला हात लावायला घरचे पुरेनात, म्हणून कोंडिबानं लावला, मी लावला, बानूनं पण लावला. "येळकोट येळकोट" करत ताट उचललं तेव्हा आबांनी असा आवाज काढला की बाहेरची कुत्री भुंकली. भंडार सगळ्यांच्या कपाळाला. खाटेवर, घोंगडीवर, माझ्या पांढऱ्या साडीवर.

बापूसाहेब कधी येऊन दारात थांबले होते कुणाला कळलं नाही. आबांनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं. भंडार लावला. आणि त्यांचा हात सोडलाच नाही.

"सायेब," आबा म्हणाले, "एक मागतो. मला दौंडला नेऊ नगा."

बापूसाहेबांनी हात सोडवून घेतला नाही. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग आबांचीच पकड ढिली झाली आणि बापूसाहेब निघून गेले. कपाळाला भंडार तसाच.

त्यांचा कोट फार ढगळ झालाय हे आज लक्षात आलं. पथ्यावर आहेत म्हणे, ॲसिडिटीचं. असेल. एवढं सगळं आतल्या आत ठेवल्यावर ॲसिडिटी होईल नाहीतर काय!

३ डिसेंबर

आबा खाली चाललेत. पाणी चमच्यानं. गोळी चुरून, दोन थेंब पाण्यात, गालाच्या आत. मॅडम येऊन गेल्या. म्हणाल्या, थोडेच दिवस. छान चाललंय तुमचं, साधनाताई. छान! मला कळेना हसावं का रडावं.

निघताना मॅडम स्कूटरपाशी बापूसाहेबांशी खूप वेळ बोलत होत्या. बापूसाहेबच बोलत होते खरं तर, मॅडम ऐकत होत्या. मी खिडकीतून बघितलं. माझ्याबद्दल असणार. गोळी सुरुवातीचे दिवस वेळेवर दिली नाही, ते सगळं कळलं असणार. मॅडमना नंतर विचारलं, काय म्हणत होते? म्हणाल्या, त्यांचं ते सांगतील.

झालं. नोकरी गेली.

४ डिसेंबर

कोंडिबा विचारतो, जीप काढू का? गादी टाकून ठेवू का? मी म्हटलं, मला नको विचारू. तर म्हणतो, मग कुणाला विचारू? बापूसाहेबांच्या घरी फोन केला. घरचे म्हणाले, झोपलेत. भर दुपारी! हा माणूस दुपारी कधी झोपतो?

ह्यांना म्हटलं, मी आबांना जीपमध्ये घालू देणार नाही. हे म्हणाले, तू कोण नाही म्हणणारी? तो नियम तुझा आहे का? बरोबर आहे त्यांचं. मी कोण? पण शब्द द्यायचा राहिला होता तो बापूसाहेबांचा, आणि हात सोडताना आबांनी बघितलं माझ्याकडं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आबांचा श्वास बदलला. लांब, मग थांबणार, मग पुन्हा. अनसाबाईला निरोप धाडला. ती कामावर निघालेली, कंपनीच्या बसमधून मध्येच उतरून आली.

कोंडिबानं जीप दारात लावली होती. गादी टाकलेली. त्याची चूक नाही, इतकी वर्षं तेच काम केलंय त्यानं. व्हरांड्यातली सगळी माणसं खोल्यांत निघून गेली. जीप लागली की जातात, बघत नाहीत. मी आबांच्या दारात उभी राहिले. काय करणार होते मी? आडवी पडणार होते का? मला नाही माहीत. दाराची चौकट धरली होती एवढं खरं.

बापूसाहेब आले. चालत, हळूहळू. जीपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बापूसाहेब, त्यांनी तुमच्याकडं मागितलंय."

त्यांनी कोंडिबापुढं हात केला. "किल्ली."

कोंडिबानं दिली. त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली, आत गेले, आबांच्या शेजारी स्टुलावर बसले. अनसाबाईला म्हणाले, "बस पोरी तू बी." दिवस मावळेपर्यंत बसले होते, गुमान.

६ डिसेंबर

आबा गेले. पहाटे, फटफटताना. कळप सोडायच्या वेळेला, असं अनसाबाई म्हणाली.

शेवटी भुईवर घेतलं. घोंगडीवर, डोकं लेकीच्या मांडीवर. तिनं कपाळाला भंडार लावला, तोंडात पाणी सोडलं. बानू पाय चोळत होती. मी हाताला हात लावून बसले होते. दुखत नव्हतं. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकते. आदल्या दिवशी दुपारी शेवटचं बोलले ते बांडीशीच — आता फिर माघारी, आलं गाव. मोठ्यानं बोलले.

आश्रमातला पहिला मृत्यू! मला वाटलं होतं म्हातारी माणसं दारं लावून बसतील. एकेक करून सगळी आली. भिंतीला टेकून बसली. कुणी घाबरलं नाही. मॅडमनी येऊन दाखला लिहिला, जावयानं गावाकडून माणसं आणली, दुपारी रीतसर सगळं झालं.

उठताना तुळजाबाईनं माझा पदर धरला. "म्हंजी आता आमाला बी हितंच ठेवनार?" मी काय सांगणार? म्हटलं, बापूसाहेबांना विचारते. ती म्हणाली, "इचार बाई. लवकर इचार."

९ डिसेंबर

विचारायचं कसं? बापूसाहेब रोज येतात आणि कुणाशी बोलत नाहीत. दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध दिलं, त्यालाही बोलले नाहीत! कोंडिबा म्हणतो, सायेब भडकलेत, समद्यांना घरी धाडणार. किल्लीपण परत दिली नाही. जीप उभी आहे तशीच, भाजी आणायला पण रिक्षा करावी लागली.

आज बापूसाहेब आबांच्या रिकाम्या खोलीत बसले होते. खाटेवर नवी चादर घातलीये, तिच्यावर हात ठेवून. मी दारातून विचारलं, बापूसाहेब, बरं आहे ना? म्हणाले, "बरं आहे."

मी परत आले. घरी आल्यावर भाकरी थापताना काहीतरी डोक्यात येऊन गेलं, पण धरता आलं नाही. काहीतरी चुकलं माझं आज. काय ते कळत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बापूसाहेब पुन्हा त्याच खोलीत. गुमान. मी चहा न देताच समोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "बापूसाहेब, दुखतंय का?"

त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, "व्हय." आणि थोड्या वेळानं, "घरी अजून सांगितलं न्हाई."

कोटाच्या खिशातून जीपची किल्ली काढली. माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.